आज उड्डाण करावे काय? : लहान विमान आणि बंगळूरचे हवामान

विमान चालविण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या गोष्टी शिकाव्या लागतात, त्यांपैकी सर्वांत कठीण गोष्ट विमान उडविणे ही नव्हे. विमान हवेत नेणे, ते सरळ व समपातळीत ठेवणे आणि पुन्हा धावपट्टीवर टेकविणे ही कौशल्ये सरावाने साध्य होतात. कठीण असते ते इंजिन सुरू करण्यापूर्वी, जमिनीवर उभे राहून, एका साध्या प्रश्नाचे उत्तर देणे : आज उड्डाण करावे काय?

सर्वसामान्य माणसाची अशी समजूत असते की, आकाश निरभ्र असले म्हणजे हवामान चांगले आणि पाऊस पडत असला म्हणजे ते वाईट. विमानाच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे. निळ्याभोर आकाशाच्या कित्येक दुपारी लहान विमानास धोक्याच्या असतात, तर ढगांनी अर्धे झाकलेल्या कित्येक सकाळी पूर्णपणे सुरक्षित असतात. हवामान सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न केवळ हवामानाविषयीचा नसतो. हे विमान, हा वैमानिक, ही धावपट्टी आणि पुढचे काही तास यांच्याशी त्या हवामानाचा मेळ बसतो काय, असा तो प्रश्न असतो. हा मेळ कसा घालून पाहतात, हे प्रस्तुत लेखात बंगळूरचे उदाहरण घेऊन सांगावयाचे आहे.

बंगळूरच का?

भारतातील विमानविद्येच्या इतिहासात बंगळूरचे स्थान वेगळे आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. पुढे याच कारखान्यात कोल्हापूरकडील एक मराठी अभियंता, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली मिळविलेले ज्ञान उपयोगात आणून भारतीय आराखड्याची विमाने घडविली. ‘एचटी–२’ हे वायुदलाच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले शिकाऊ विमान १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्यानंतर १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे, अवघ्या ९० अश्वशक्तीच्या इंजिनाचे छोटे विमान तयार झाले आणि देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत विद्यार्थ्यांनी त्यावर आपले पहिले धडे गिरविले. बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने पुढे दोन आसनांचे ‘हंस’ हे विमान तयार केले. ते १९९३ मध्ये प्रथम आकाशात गेले. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथील धावपट्टी तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांपासूनच वैमानिकांच्या शिक्षणाशी निगडित आहे.

याशिवाय दुसरेही एक कारण आहे. बंगळूरची हवा सुखद म्हणून प्रसिद्ध आहे. येथे ना मुंबईचा मुसळधार पाऊस, ना नागपूरचा उन्हाळा. परंतु अशा सुखद हवेतही लहान विमानाला किती प्रकारचे धोके संभवतात हे पाहिले, म्हणजे ‘हवा चांगली आहे’ हे वाक्य किती जपून उच्चारावे लागते, ते ध्यानात येते.

लहान विमान म्हणजे काय

प्रवासी जेट विमान आणि दोन आसनांचे शिकाऊ विमान यांत केवळ आकाराचा फरक नाही. जेट विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून, बहुतेक ढगांच्या वरून जाते. त्याच्या नाकात ढगातील पावसाचा वेध घेणारे रडार असते. बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर दृष्टी ठेवून ते चालविण्याचे शिक्षण त्याच्या वैमानिकांना मिळालेले असते. लहान विमान मात्र ढगांच्या खालून, जमिनीपासून काही शे मीटर ते दोन-अडीच हजार मीटर उंचीवरून उडते. त्याचा वेग मोटारगाडीच्या दुप्पट-अडीचपट एवढाच असतो. त्याचे वजन, माणसे व इंधन धरूनही, एखाद्या लहान मोटारीहून अधिक नसते. जो वारा जेट विमानास जाणवणारही नाही, तो या विमानास पतंगासारखा हेलकावे देतो. त्याचा वैमानिक बहुधा बाहेरचे क्षितिज, रस्ते, तलाव आणि टेकड्या पाहूनच आपली दिशा व आपला तोल सांभाळतो. म्हणून त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असा की, दिसते किती?

पहिली कसोटी : दृश्यता

ज्या अंतरावरील ठळक वस्तू ओळखता येते, त्या अंतराला हवामानशास्त्रात दृश्यता म्हणतात. ती एक किलोमीटरहून कमी झाली, म्हणजे त्या स्थितीला धुके असे नाव देतात. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाला कमी उंचीवर पाच किलोमीटर दृश्यता असावी, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा सर्वसाधारण नियम आहे. पाच किलोमीटर हे अंतर पुष्कळ वाटते. परंतु ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ते शंभर सेकंदांत ओलांडते. समोर दिसलेली वस्तू ओळखणे, विचार करणे आणि वळणे हे सर्व तेवढ्या वेळात उरकावे लागते. दृश्यता दोन किलोमीटरवर आली, तर हाच अवधी चाळीस सेकंदांचा होतो.

बंगळूरला धुक्याचा काळ म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमीन आपली उष्णता वर टाकून झपाट्याने थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. हवा थंड होत होत ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत रूपांतर होऊ लागते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की धुके धरते. तलावाकाठच्या व सखल जागी हे लवकर घडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या निरभ्र, शांत रात्री चांदण्या स्वच्छ दिसतात, तीच रात्र धुके निर्माण करते. रात्री झोपताना आकाश पाहून ‘उद्याची सकाळ उत्तम’ असा निष्कर्ष काढणारा वैमानिक म्हणूनच चुकतो. त्याने आकाशाऐवजी दोन आकड्यांकडे पाहावे : तापमान आणि दवबिंदू. सायंकाळी त्यांतील अंतर दोन-तीन अंशांवर आले असेल आणि वारा नसेल, तर पहाटे धुक्याची अपेक्षा ठेवावी. तसेच, सूर्योदयाबरोबर धुके विरेल अशी घाईची अपेक्षा करू नये. उन्हाने जमीन तापेपर्यंत काही काळ जातो, आणि सूर्य उगवताच हवेची किंचित हालचाल होऊन धुके क्षणभर अधिक दाटही होते.

मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या कडेची दृश्यता आता यंत्राने मोजतात. प्रकाशाचा एक झोत हवेतून काही मीटर अंतरावरील ग्राहकावर पाडतात आणि वाटेत त्यातील किती प्रकाश नाहीसा झाला, यावरून दृश्यता काढतात. अशा प्रकारचे ‘दृष्टी’ नावाचे उपकरण बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतच तयार झाले आणि देशातील अनेक विमानतळांवर ते बसविण्यात आले. लहान धावपट्टीवरील वैमानिकाला मात्र जुनाच उपाय चांगला : ज्यांचे अंतर ठाऊक आहे अशा टेकड्या, मनोरे, पाण्याच्या टाक्या पाहाव्यात आणि त्यांपैकी कोणत्या दिसत नाहीत ते मोजावे.

दुसरी कसोटी : मेघतल

जून ते सप्टेंबर या काळात बंगळूरवर पश्चिमेकडून वारे वाहतात. सह्याद्रीच्या पलीकडे बहुतेक पाणी सांडून आल्यामुळे येथे ते रिमझिम पाऊस देतात. मात्र त्यांच्याबरोबर कमी उंचीवरचे ढगांचे थर येतात. या ढगांचा तळ किती उंचीवर आहे, ही वैमानिकाची दुसरी पृच्छा असते.

याचा अंदाज करण्याची एक सोपी रीत आहे. वर चढणारी हवा थंड होत जाते आणि तिचे तापमान व दवबिंदू यांतील अंतर दर १२५ मीटरांना सुमारे एक अंशाने कमी होते. समजा, जमिनीवर तापमान २४ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू २० अंश आहे. अंतर चार अंशांचे. म्हणून खालून वर चढणाऱ्या हवेपासून बनलेल्या ढगांचा तळ जमिनीपासून सुमारे ५०० मीटरांवर असेल. ही रीत स्थूल आहे, तरी उपयोगी आहे.

आता हा आकडा बंगळूरच्या नकाशावर ठेवून पाहू. शहराच्या उत्तर भागातील जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंच आहे. त्यात ५०० मिळविले, म्हणजे ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,४१५ मीटरांवर आला. उत्तरेकडील नंदी टेकडीचा माथा १,४७८ मीटर उंच आहे. म्हणजे धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘ढग बरेच वर आहेत’ असे वाटत असतानाच, थोड्या मिनिटांच्या उड्डाणाच्या अंतरावर एक डोंगर त्याच ढगात डोके खुपसून उभा असतो. आकाशातील ढग सपाट असला, तरी त्याखालची जमीन सपाट नसते. मेघतल धावपट्टीपासून मोजून भागत नाही; तो संपूर्ण वाटेवरील सर्वांत उंच जागेपासून मोजावा लागतो.

नियमांचा हिशेबही येथे करून पाहण्यासारखा आहे. नियंत्रित हवाई क्षेत्रात डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाने ढगांपासून उभ्या रेषेत ३०० मीटर आणि आडव्या रेषेत १,५०० मीटर दूर राहावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तसेच दाट वस्तीवरून जाताना जवळपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मीटर असावे, असाही दंडक आहे. मेघतल ५०० मीटरांवर असेल, तर पहिल्या नियमाने विमान २०० मीटरांच्या वर जाऊ शकत नाही. दुसऱ्या नियमाने ते ३०० मीटरांच्या खाली येऊ शकत नाही. दोहोंच्या मध्ये वाट उरतच नाही. त्या दिवशीचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते केवळ बेरीज-वजाबाकीने, विमानाला हातही न लावता मिळते.

मेघाच्छादित डोंगर विमानाचे मोठेपण पाहत नाहीत. १२ जुलै १९४९ रोजी मुंबईला येणारे डच कंपनीचे चार इंजिनांचे मोठे प्रवासी विमान पावसाळी, ढगाळ हवेत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले व त्यातील पंचेचाळीसही जण मृत्यू पावले. तो वैमानिक अनुभवी होता. विमानही त्या काळातील उत्तम विमानांपैकी होते.

ढगात शिरले तर काय होते?

येथे वाचक विचारील : चुकून ढगात शिरलो, तर सरळ जाऊन पलीकडे निघता येणार नाही काय? विमान तर तेच आहे, आणि ते चालविता येते.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रयोगाने दिले. उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस वैमानिकांना, सोबत शिक्षक ठेवून, बाहेरचे काही दिसू नये अशा व्यवस्थेत विमान चालविण्यास सांगितले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. एकोणीस जणांचे विमान वळत वळत, वेग वाढवीत खाली जाऊ लागले. एकाने त्याचे नाक इतके वर उचलले की पंखांचा हवेवरील आधारच सुटला. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी होता. एकाच्या बाबतीत तर तो अवघा वीस सेकंदांचा होता.

याचे कारण वैमानिकाच्या भित्रेपणात नसून माणसाच्या कानात आहे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव हालला, म्हणजे आपल्याला वळण्याची जाणीव होते. परंतु वळण सावकाश व दीर्घकाळ चालू राहिले, तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. मग विमान वळत असताना ते सरळ जात आहे असे वाटते. आणि वळण थांबविले, तर ते उलट बाजूस वळू लागले असा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात डोळ्यांना आधार नसतो. म्हणून माणूस आपल्या शरीराच्या साक्षीवर विश्वास ठेवतो, आणि ती साक्ष खोटी असते.

या प्रयोगाचा खरा हेतू एक उपाय शोधणे हा होता. थोड्या शिक्षणानंतर याच वैमानिकांना उपकरणांकडे पाहून सावकाश अर्धवर्तुळ घेता येऊ लागले व आल्या वाटेने परत फिरता येऊ लागले. म्हणून आज प्रत्येक विद्यार्थ्याला हे वळण शिकवितात. पण ते शिकविताना हेही सांगतात की, परत फिरण्याची खरी वेळ ढगात शिरण्यापूर्वीची असते.

तिसरी कसोटी : वारा

विमानाला समोरचा वारा प्रिय असतो. तो पंखांवरून आधीच वाहत असल्यामुळे कमी धावेत विमान वर उठते. आडवा वारा मात्र विमानास धावपट्टीवरून बाजूला ढकलतो.

बंगळूरच्या धावपट्ट्या साधारणतः पूर्व-पश्चिम आहेत. कारण पावसाळ्यातील वारे पश्चिमेकडून व हिवाळ्यातील वारे बहुधा पूर्वेकडून येतात. परंतु वारा नेमका धावपट्टीच्या रेषेत क्वचितच असतो. समजा, १६ नॉट म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाचा वारा आहे. तो धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्याचा आडवा भाग निम्मा, म्हणजे ८ नॉट होतो. कोन ६० अंशांचा असेल, तर तो सुमारे १४ नॉट होतो. सेसना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानाच्या चाचण्यांत १२ नॉट आडव्या वाऱ्यापर्यंतचे उतरणे दाखविलेले आहे, आणि त्या चाचण्या कसलेल्या वैमानिकाने घेतलेल्या असतात. एकच वारा, एकच विमान. परंतु कोन बदलताच होकाराचा नकार होतो.

वाऱ्याच्या सरासरीपेक्षा त्याचे झोत अधिक फसवे असतात. समजा, विमान ५५ नॉट वायुवेगाने उतरत आहे आणि त्यातील २० नॉट समोरच्या वाऱ्याचे आहेत. वारा एकाएकी थांबला, तर पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग क्षणार्धात ३५ नॉटांवर येतो आणि विमानाला पेलण्यास तो पुरेसा नसेल. म्हणून हवामानवृत्तात वाऱ्याबरोबर झोतांचा वेगही दिलेला असल्यास हिशेब झोतांवर करावा.

चौथी कसोटी : न दिसणारी विरळ हवा

आतापर्यंतचे धोके डोळ्यांना दिसणारे किंवा अंगाला जाणवणारे होते. चौथा धोका निळ्या आकाशात लपलेला असतो.

उंचीबरोबर हवा विरळ होते हे सर्वांस ठाऊक आहे. तापमान वाढले तरीही ती विरळ होते, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. अभियंत्यांनी मानलेल्या प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असते आणि दर हजार फुटांस ते सुमारे दोन अंशांनी उतरते. या मानाने बंगळूरच्या ३,००० फूट उंचीवर ९ अंश तापमान असावयास हवे. एप्रिलच्या दुपारी ते ३४ अंश असते, म्हणजे प्रमाणापेक्षा २५ अंश अधिक. प्रत्येक जादा अंशाने हवा आणखी सुमारे १२० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. पंचवीस अंशांचे ३,००० फूट झाले. ते मूळच्या ३,००० फुटांत मिळविले, म्हणजे त्या दुपारी बंगळूरच्या धावपट्टीवरची हवा ६,००० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट उंच आहे. विमानाच्या दृष्टीने ही धावपट्टी त्या शिखराच्याही वर गेलेली असते!

याचा परिणाम तिहेरी होतो. इंजिनाला कमी हवा मिळाल्याने त्याची शक्ती घटते. पुष्पकासारख्या ९० अश्वशक्तीच्या इंजिनातून तेव्हा ७५ च्या आसपासच अश्वशक्ती मिळेल. पंख्याला ढकलावयास कमी हवा मिळते. आणि पंखांना विमान उचलण्यासाठी जमिनीवर सुमारे नऊ टक्के अधिक वेग गाठावा लागतो. या सर्वांमुळे उड्डाणासाठी लागणारी धाव समुद्रसपाटीवरील थंड हवेतील धावेच्या सुमारे दीडपट होते, आणि उठल्यानंतरची चढण मंदावते. वैमानिकाच्या हातातील वेगदर्शक मात्र नेहमीचाच आकडा दाखवितो. फरक फक्त एवढाच दिसतो की, धावपट्टीचे टोक फार लवकर जवळ येते.

यावर उपाय साधे आहेत : वजन कमी करावे, विमानाच्या पुस्तिकेतील कोष्टकावरून धाव आधी काढावी, आणि शक्य तर सकाळच्या थंड हवेत उडावे.

पाचवी कसोटी : वळीव

मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर बंगळूरच्या आकाशात फुलकोबीसारखे राशिमेघ वाढू लागतात. त्यांतील काही सायंकाळपर्यंत प्रचंड गर्जन्मेघ होतात. वळवाचा पाऊस शेतकऱ्याला व आमराईला सुखावतो. लहान विमानाने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ व १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडा आणि ओहायो येथे बळकट लष्करी विमाने मुद्दाम गर्जन्मेघांत नेऊन त्यांचा अभ्यास करण्यात आला. होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहम यांनी त्यावरून दाखविले की, गर्जन्मेघाचे आयुष्य तीन अवस्थांचे असते. प्रथम सर्व हवा वर चढते. दुसऱ्या अवस्थेत पाऊस पडू लागतो आणि शेजारीशेजारीच वर जाणारे व खाली येणारे जोरदार प्रवाह एकत्र नांदतात. शेवटी खाली येणारा प्रवाहच उरतो व मेघ विरतो. हे सर्व साधारणतः तासाभरात आटोपते.

खाली येणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. म्हणून पाऊस अजून काही किलोमीटर दूर असतानाच धूळ उडविणारा गार वारा आपल्यापर्यंत येतो. सामान्य माणसाला ती पावसाची सुवार्ता वाटते. वैमानिकाला ती सूचना असते की, धावपट्टीवरचा वारा आता कोणत्याही दिशेला फिरेल. १९७५ मध्ये न्यू यॉर्क येथे एक मोठे जेट विमान उतरताना कोसळले, तेव्हा शास्त्रज्ञ टेटसुया फुजिता यांनी त्याच्या अभ्यासावरून दाखविले की, अशा खाली झेपावणाऱ्या प्रवाहातून जाताना विमानाला आधी समोरचा, मग खाली दाबणारा आणि लगेच पाठीमागचा वारा लागतो. जेथे जेट विमानाचा निभाव लागला नाही, तेथे लहान विमानाची कथा काय? तीव्र गर्जन्मेघापासून किमान वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर दूर राहावे, असे वैमानिकांना शिकवितात. उतरताना वादळ धावपट्टीवर आलेले दिसले, तर घिरट्या घालीत दूर थांबावे किंवा दुसऱ्या विमानतळावर जावे. त्यासाठी लागणारे इंधन मात्र निघतानाच टाकीत असावे लागते.

हवामानवृत्त कसे वाचावे

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. म्हणूनच पुणेकर त्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. या विभागाची विमानतळांवरील कार्यालये ठराविक वेळी वारा, दृश्यता, ढग, तापमान, दवबिंदू व दाब यांचे वृत्त सांकेतिक अक्षरांत देतात, आणि पुढील काही तासांचे अनुमानही देतात.

वृत्त व अनुमान यांतील फरक ओळखावा. वृत्त झालेल्या क्षणाचे असते. उड्डाण येणाऱ्या तासांत होणार असते. म्हणून एकच वृत्त न पाहता लागोपाठची तीन-चार वृत्ते ओळीने मांडावीत. दृश्यता वाढत आहे की घटत आहे? तापमान व दवबिंदू जवळ येत आहेत की दूर जात आहेत? सहा किलोमीटर दृश्यता नऊवरून उतरून आलेली असेल, तर ती वाईट. तीनवरून चढून आलेली असेल, तर ती चांगली. शिवाय या वृत्तांतील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. त्यात साडेपाच तास मिळविल्यावर आपली वेळ मिळते. ‘०२३०’ हे वृत्त सकाळी आठचे होय. ज्याने हे ध्यानात घेतले नाही, तो कालचे आकाश पाहून आज उडेल.

बंगळूरचा दिवस अशा रीतीने वाचला, म्हणजे त्याचा आकार दिसू लागतो. हिवाळ्यात पहाट धुक्याची. उन्हाळ्यात दुपार विरळ हवेची आणि सायंकाळ वळवाची. पावसाळ्यात सकाळ खाली उतरलेल्या ढगांची. धुके विरल्यानंतर व ऊन तापण्यापूर्वी जे दोन-तीन तास उरतात, ते बहुधा सर्वांत चांगले. पण ‘बहुधा’ हा शब्द वर्षाचे वर्णन करतो. आजच्या दिवसाचा निर्णय आजच्या आकड्यांवरच करावा लागतो.

निर्णय

सर्व आकडे हाती आले, तरी एक अडचण उरते, आणि ती हवेत नसून मनात असते. पाहुणे आलेले असतात, विमान भाड्याने घेतलेले असते, पलीकडे कोणी वाट पाहत असते. अशा वेळी माणूस आकड्यांना थोडे वाकवितो. ‘पाच नाही, पण साडेचार किलोमीटर तरी दिसते आहे’, ‘ढग उंचावतीलच’ असे तो स्वतःस सांगतो. म्हणून जाणते शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात की, आपल्या मर्यादा शांत मनाने, आदल्या दिवशी, कागदावर लिहून ठेवाव्यात : दृश्यता इतकी, मेघतल इतका, आडवा वारा इतका. नियमाने घातलेली मर्यादा ही सर्वांसाठीची अखेरची सीमा होय. थोड्या तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकाची स्वतःची मर्यादा तिच्या पुष्कळ अलीकडे असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी कागदावरील आकडे व वृत्तातील आकडे शेजारी ठेवावेत. एक जरी कसोटी उतरली नाही, तरी विमान बांधून ठेवावे. इतर चार कसोट्या उत्तम उतरल्या म्हणून पाचवीचा धोका कमी होत नाही.

अशा काटेकोरपणाने उड्डाणे कमी होतात, असे मात्र समजू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या एका इंजिनाच्या लहान विमानांत ना रेडिओ होता, ना वाटेतील वैमानिकाला हवामान सांगणारे कोणी. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात बुडे, आणि सह्याद्री ढगांत असे. त्यांनी चिखलात उतरण्याचे धाडस केले नाही. पावसाळ्यापुरता विमानांचा तळच पुण्यास हलविला. पहिल्या वर्षाच्या सरकारी अहवालात या सेवेच्या नियमितपणाची प्रशंसा आहे. पावसाळ्यातील घाटावरचा कठीण टप्पाही त्यांनी टपाल न चुकविता पार पाडला होता. हवामानाशी झुंज देऊन हे साधले नाही. कोठे उतरता येणार नाही हे आधीच ओळखून दुसरी सोय करून ठेवल्याने ते साधले.

विमान जमिनीवर उभे असते, तोपर्यंत वैमानिकाजवळ वेळ असतो, आकडे असतात आणि मत बदलण्याची मोकळीक असते. चाके जमिनीवरून सुटली, की यांपैकी प्रत्येक गोष्ट कमी होत जाते. म्हणून ‘आज उड्डाण करावे काय?’ हा प्रश्न जमिनीवर विचारावा आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर ते त्या दिवसाचे पूर्ण झालेले काम समजून विमानाचे दोर घट्ट बांधावेत.